आठ अक्षरांचं नाव

भिसेगावात आता शेत असं फारसं उरलेलं नाही. आमच्या इमारतीमागे एक पट्टा आहे, दोन भावांच्या वादात अडकलेला, म्हणूनच वाचलेला. परवा तिथे कापणी झाली. मी गॅलरीचं दार उघडलं आणि कापलेल्या भाताचा तो कोरडा, किंचित गोडसर वास आत आला. त्या वेळी माझ्या हातात फोन होता. गॅसचा सिलिंडर नोंदवायचा होता आणि फोन म्हणत होता, तुमचा पासवर्ड जुना झाला, नवा द्या. त्यात एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, आणि आधीच्यासारखा तर मुळीच नको. ही सगळी कटकट एके काळी मीच लोकांना लावत असे, त्यामुळे तक्रार करायला तोंड नाही.

असा वास आला की लोकांना गहिवरून वगैरे येतं म्हणतात. माझं तसं होत नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गालाला बोट लावून बघावं, गाल तिथेच असतो पण आपला नसतो, तसं काहीसं होतं. त्या वर्षीच्या कापणीच्या दिवसांत मी पूर्ण वेळ अशीच होते. आणि त्याच दिवसांत कॉम्प्युटरचा चोरांपासून बचाव कसा करायचा हे शिकले. खरं सांगायचं तर चांगलं शिकले. बधीर माणसाला ही विद्या पटकन येते.

ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. खालापूरच्या अलीकडे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून काचेच्या बाटल्या करणारा एक कारखाना होता. तिथल्या कॉम्प्युटर विभागात मी नोकरीला होते. विभाग म्हणजे एक थंडगार खोली, कपाटाएवढं एक मशीन, आणि त्याला जोडलेले सहा टर्मिनल. सहा पडदे, सहा कळफलक, पण डोकं एकच, आणि त्यावर काम करणारी आम्ही एकोणीस माणसं, आळीपाळीने. धूळ नको म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत. नवे लोक आत आले की नकळत हात जोडत. बाहेर भट्टी कधी विझत नसे आणि आत एसी कधी बंद होत नसे. मी कर्जतहून एस.टी.ने यायची, स्वेटर पिशवीत घालून. ऑक्टोबरच्या उन्हात स्वेटर घेऊन निघालेली बाई बघून कंडक्टर रोज विचारायचा, "काश्मीरला काय?"

त्याआधी श्रावणात माझा धाकटा भाऊ गेला. विनायक, आमचा विनू. वीस वर्षांचा होता. कावीळ झाली आणि दहा दिवसांत सगळं आटोपलं. मी रडले असेन, आता आठवत नाही. तेराव्यानंतर घरात त्याचं नाव कुणी घेतलं नाही. असं कुणी ठरवलं नव्हतं. आई आधी म्हणायची, "त्याची सायकल पुढं घे गं," मग म्हणायला लागली, "ती सायकल," आणि नंतर सायकलीबद्दलही काही बोलेनाशी झाली. बाबा तर मुळातच कमी बोलणारे. आम्ही तिघं एकमेकांशी भाताबद्दल, बसबद्दल, पाण्याबद्दल बोलायचो.

आमच्याकडे भाताचं माप मुठीचं. माणशी दोन मुठी तांदूळ. आईची मूठ लहान, म्हणून दोन. संध्याकाळी ती डब्यातून आठ मुठी पातेल्यात टाकायची, मग थांबायची, आणि दोन मुठी परत डब्यात. रोज. मला त्याचा राग यायचा. तीन महिने झाले, सहा मुठी मोजायला काय लागतं, असं मनात यायचं. बोलले मात्र कधी नाही. बोलायचं तर कारण काढावं लागलं असतं.

आश्विनात मशीनच्या कंपनीने मुंबईहून देसाई सरांना चार दिवसांसाठी पाठवलं. बारीक अंगाचा, हसरा माणूस, खिशाला चार पेनं. त्यांचं काम आम्हाला मशीनची राखण शिकवणं. साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, त्यांच्या हाताखाली मला दिलं. "हिला बाकी काही व्याप नाही," असं म्हणाले. विनू असताना ते खरं नव्हतं, पण तेव्हा होतं.

मी शिकत गेले. बाहेरची फ्लॉपी आली की आधी तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावायची, म्हणजे तिच्यावर कुणाला लिहिता येत नाही. ती मशीनमध्ये विसरून मशीन सुरू करायचं नाही, रोग तिथूनच शिरतो. टर्मिनल उघडं टाकून चहाला जायचं नाही. प्रत्येक फाइलीला तीन दारं असतात: एक मालकाचं, एक त्याच्या गटाचं, एक बाकी सगळ्यांचं, आणि कुठलं किती उघडायचं ते आपण ठरवायचं. हे मला लगेच कळलं. घर आपलं, विहीर आळीची, रस्ता सगळ्यांचा. देसाई सर खूश झाले.

एके दिवशी त्यांनी एका टर्मिनलवर खोटा पडदा चढवून ठेवला. दिसायला अगदी नेहमीसारखा. स्टोअरचे इस्माईलभाई आले, नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला, आणि तो सरळ देसाई सरांच्या फाइलीत जाऊन पडला. इस्माईलभाई मूळचे श्रीवर्धनकडचे, तीन पिढ्या खालापुरात. त्यांनी कपाळाला हात लावला. "आपण देव समजून नमस्कार केला, आणि निघाला बहुरूपी," म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, म्हणजे तोंड तसं केलं.

आमच्या लोकांना हे सगळं शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कापणीच्या दिवसांत घरंच्या घरं शेतावर जातात. दाराला कुलूप घालतात आणि किल्ली शेजारी देतात. कुलूप कुत्र्यासाठी, शेजाऱ्याला किल्ली दिली नाही तर तो वर्षभर बोलत नाही. कारखान्यातली निम्मी माणसं कापणीची रजा टाकून जायची आणि जाताना आपला पासवर्ड शेजारच्या टेबलाला सांगून जायची. "ठेवून चाललो रं किल्ली," म्हणायचे. देसाई सरांनी डोकं धरलं. "कुणालाही सांगू नका. असा शब्द निवडा जो तुम्ही कधीच कुणासमोर बोलत नाही."

हे वाक्य एका बाईने मनावर घेतलं. वत्सलामावशी. चाळिशी ओलांडलेल्या, शेलूकडच्या. नवरा भट्टीवर होता, तो वारल्यावर त्याच्या जागी त्यांना घेतलेलं. चौथ्या टर्मिनलवर बसून भट्टीतून निघालेल्या बाटल्यांचे आकडे भरत. इंग्रजी अक्षरं त्या तिथेच, कळफलकावर शिकल्या होत्या. त्यांनी कोणता शब्द निवडला हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. फक्त मला म्हणाल्या होत्या, "माजा शब्द कोन नाय ऐकायचा. आजवर कुनी ऐकला नाय."

तिसऱ्या दिवशी देसाई सरांनी मशीनलाच चोर व्हायला सांगितलं. शब्दांची यादी द्यायची, आणि मशीन एकेक शब्द लावून बघतं, कुणाचं कुलूप उघडतंय का. त्यांनी आणलेली यादी इंग्रजी होती. दोन कुलुपं उघडली, दोन्ही साहेबांच्या खोलीतली. मग ते मला म्हणाले, "सुलभाताई, तुम्ही इथल्या. तुम्ही यादी करा बरं."

मी दुपारभर बसून यादी केली. हजेरीपटावरून सगळ्यांची नावं घेतली. त्यांच्या बायकांची, मुलांची, मला माहीत होती तेवढी. गावांची. ग्रामदेवतांची. बैलांची तर आधी, कारण आमच्याकडे माणूस बायकोपेक्षा बैलाला जास्त हाका मारतो. मग वत्सलामावशींच्या नावापाशी आले. जो शब्द आपण कधीच बोलत नाही. मी फारसा विचार केला नाही. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे नवऱ्याचं नाव होतंच. लिहिलं: यशवंत. इंग्रजीत मोजून आठ अक्षरं.

माझ्या यादीने तेरा कुलुपं उघडली. सात बैल, तीन मुलं, एक देवी. इस्माईलभाईंचं श्रीवर्धन, तेही अर्धंच, कारण ते मशीन आठ अक्षरांपुढे वाचतच नसे. आणि यशवंत. परक्या चोराला जे साधलं नसतं ते मला दुपारी चहाच्या आत साधलं. कुंपणानेच शेत खावं ते असं. देसाई सरांनी पाठ थोपटली. मला काही वाटलं नाही, ना बरं, ना वाईट.

साहेब म्हणाले, सगळ्यांसमोर वाचून दाखवा, म्हणजे अद्दल घडेल. कॅंटीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. मी कागद धरून उभी राहिले आणि वाचत गेले. आधी माणसाचं नाव, मग त्याचा पासवर्ड. बैलांच्या नावांना हशा पिकला. कुणी म्हणालं, "अरं, सर्जा तर गेल्या साली इकलास ना?" मी वाचत होते. माझा आवाज मला रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा ऐकू येत होता. "वत्सला... यशवंत."

हशा एकदम थांबला. मग मागून कुणीतरी हळूच बोललं, "उखाणा राह्यला की बाय." त्यावर पुन्हा थोडं हसू. वत्सलामावशींनी पदर तोंडाशी धरला होता. त्यांनी बावीस वर्षांच्या संसारात आणि नंतरच्या चार वर्षांत जे नाव ओठांवर येऊ दिलं नव्हतं, ते मी वरण-भाताच्या वासात पन्नास माणसांसमोर घेऊन टाकलं होतं. मी पुढचं नाव वाचलं. तो एक बैलच होता.

दुपारी त्या माझ्या टेबलाशी आल्या. रागावल्या नव्हत्या. "आता काय ठेवू गं?" एवढंच विचारलं. देसाई सरांनी सांगितलं होतं, शब्दाला अर्थच नको. मी त्यांना आठ अक्षरं लिहून दिली, मध्ये दोन आकडे. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "हे कुनाचं नाव?"

"कुणाचंच नाही, मावशी. म्हणून तर."

"बरं," म्हणाल्या, आणि कागद ब्लाउजात ठेवला. पाठ झाल्यावर फाडून टाका, असं मी बजावलं. त्यांनी तेही केलं.

देसाई सर गेले. जाताना एक छोटा प्रोग्राम बसवून गेले. कुणाचा पासवर्ड चुकला की मशीन त्याची आणि त्यापुढच्या प्रयत्नाची नोंद करी, आणि मी रोज सकाळी तो कागद छापून साहेबांपुढे ठेवी. दिवाळी झाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भारे पडले होते, झोडणी सुरू होती, एस.टी.च्या खिडकीतून कुसं उडून स्वेटरला चिकटायची. कागदावर बहुतेक काही नसे. आणि मग माझ्या लक्षात आलं की एक ओळ रोज आहे. चौथं टर्मिनल, वत्सलामावशींचं खातं, सकाळी आठनंतर लगेच, एकदा चूक. रविवार सोडून, न चुकता. त्यानंतर मिनिटाभरात बरोबर पासवर्ड.

साहेबांनीही पाहिलं. "कुणीतरी बाईंच्या खात्यावर रोज एकदा हात मारून बघतंय," म्हणाले. आठ वाजता तिथे कोण असतं? इस्माईलभाई. ते सगळ्यांच्या आधी येत, आणि त्यांची खुर्ची तिसऱ्या टर्मिनलवर. साहेबांनी पेन टेबलावर आपटत ठेवलं. "स्टोअरचा माणूस, बाटल्यांच्या आकड्यांत त्याला काय रस? सोमवारी मला लेखी दे. मी वर पाठवतो." वर पाठवणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत गेटच्या बाहेर. इस्माईलभाईंच्या घरी पाच मुली होत्या. हे मला माहीत होतं, आणि माहीत असूनही आत काही हललं नाही. मी विचार केला, सोमवारी लिहून द्यायचं तर शनिवारी बघून घ्यावं.

शनिवारी पहिल्या एस.टी.ने आले. स्वेटर घातला आणि मशीनच्या मागे, तारांच्या कपाटाशी कागद चाळत उभी राहिले. इस्माईलभाई आले, चपला काढल्या, आपल्या खुर्चीवर बसले, चष्मा पुसला. चौथ्या टर्मिनलकडे त्यांनी पाहिलंही नाही. मग वत्सलामावशी आल्या. डबा खाली ठेवला, पदर खोचला, आपलं नाव लिहिलं.

पासवर्ड लिहिताना पडद्यावर काही उमटत नाही. पण मला त्यांची बोटं दिसत होती. एका बोटाने, शोधत शोधत लिहायच्या त्या. पण आता बोट शोधत नव्हतं. आधी वरच्या ओळीत मधोमध, वाय. मग डावीकडे टोकाला. एकेक कळ सावकाश, दाबून. शेवटची टी. ती वायच्या अगदी शेजारी असते. म्हणजे ते नाव जिथून निघतं तिथेच जवळजवळ परत येतं. हे मला तोपर्यंत कधी दिसलं नव्हतं. मशीन म्हणालं, चुकीचं. त्या क्षणभर तशाच बसल्या. मग मी दिलेली आठ अक्षरं भराभर लिहिली आणि काम सुरू झालं.

मी जवळ गेले. "मावशी, नवा पासवर्ड पाठ नाही झाला का?"

"झाला की."

"मग पहिल्यांदा जुना का लिहिता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडल्यासारखं नाही. "पयलं ते घेते, मंग हे," म्हणाल्या.

"पण मशीन नाही म्हणतं ना."

"म्हनू दे. नाय म्हनायच्या आदी ऐकतं तरी." आणि मग कळफलकाकडे बघत, हळू, "घरात कोन नाव काढत नाय गं त्यांचं. पोरं पन नाय. मी तर काय घेनारच नाय. मंग घ्यायचं कुटं?"

इस्माईलभाई तिसऱ्या टर्मिनलवर मान खाली घालून होते. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी खुर्ची थोडी पलीकडे सरकवली.

खरं लिहिलं तर इस्माईलभाई सुटत होते, आणि साहेबांनी वत्सलामावशींना उचलून पॅकिंगला टाकलं असतं; ज्या बाईला पासवर्ड कळत नाही तिला टर्मिनल कशाला. न लिहिलं तर इस्माईलभाई गेटबाहेर. सोमवारी मी अहवाल दिला: चौथ्या टर्मिनलचा कळफलक जुना, सकाळी थंड असताना कळा अडकतात, पहिला प्रयत्न वाया जातो, बाहेरच्या कुणाचा हात नाही. राखणदार म्हणून मी लिहिलेला पहिला अहवाल, आणि तो धडधडीत खोटा. साहेबांनी सही केली. पंधरा दिवसांनी नवा कोरा कळफलक आला. ओळ मात्र तशीच राहिली. तोवर साहेबांनी कागद वाचणं सोडलं होतं. मी नंतर तिथे असेपर्यंत अनेक दारं बंद केली, ते एक तेवढं रोज एकदा वाजू दिलं.

पण मला सांगायचं आहे ते शनिवारचं. शनिवारी अर्धा दिवस असे. दुपारच्या एस.टी.ने मी घरी आले. अंगणात नव्या भाताची पोती लागली होती. बाबा सुंभाने एकेक तोंड शिवत होते. आईने थोडा नवा तांदूळ कांडून डब्यात भरला होता, पहिला भात देवाला दाखवायला. संध्याकाळी ती चुलीशी बसली आणि डब्यातून तांदूळ घेऊ लागली. मी दारात उभी होते. आठ मुठी टाकल्या. मग थांबली. मग तिचा हात परत पातेल्यात गेला.

तेव्हा मला ते दिसलं. ती मोजायला चुकत नव्हती. तीन महिने, रोज, एकदाही चुकली नव्हती.

"राहू दे आई," मी म्हणाले. "विनूच्या आहेत त्या."

ते नाव घरात पडलं. बाहेर बाबांचा दाभण थांबला. आईचा हात पातेल्यातच राहिला, तांदळात रुतलेला. ती रडेल असं मला वाटलं, आणि मी रडेन असंही वाटलं. दोन्ही झालं नाही. ती म्हणाली, "त्याला नव्या तांदळाचा भात आवडत नसं. चिकट लागतो म्हनायचा."

"गिचगोळा म्हणायचा," बाहेरून बाबा म्हणाले.

आईने हात बाहेर काढला. रिकामा. पातेल्यात आठ मुठी राहिल्या.

त्या दिवशी भात उरला. रविवारीही आईने आठच मुठी टाकल्या. सोमवारी सकाळी तिने उरलेल्याचा फोडणीचा केला आणि डब्यात मला थोडा जास्तच दिला. दुपारी मी डबा उघडून वत्सलामावशींपुढे सरकवला. "नव्याचा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाले, "माझ्या भावाला आवडायचा नाही. विनू नाव त्याचं." त्यांनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "आजून सांग."